झेंडेवाल्याची जागा

माझा उजवा हात मनगटात थोडा वाकडा आहे. कुणी विचारलं की मी "फुटबॉलमध्ये मोडला" म्हणतो आणि समोरचा मान हलवतो. बायकोला हेच सांगितलंय, मुलीलाही. त्यात खोटं काही नाही. पण ज्यानं मला ढकललं त्याला ढकलायचं कारण मीच दिलं होतं, आणि समजून उमजून दिलं होतं, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. इथं सांगतो, कारण गेल्या चैत्रात तीन आठवडे मी आमच्या क्लबाबरोबर जिल्ह्यात हिंडलो, आणि ही गोष्ट वगळून त्या हिंडण्याबद्दल लिहिता येत नाही. लिहून पाहिलं. तीन पानं फाडली.

बाहेरच्या माणसाला फुटबॉल म्हटलं की कोल्हापूर आठवतं. नगरलाही तो आहे. छावणीमुळे आला आणि भिंगारच्या गल्ल्यांत मुरला. आमच्या क्लबाला सगळे नुसतं 'कॅम्प' म्हणतात. एके काळी त्यात निवृत्त जवान, कारखान्यातले फिटर, चर्चच्या आवारातली आणि बाजारपेठेतली पोरं एकत्र खेळायची. मी कधी खेळलो नाही, पायात खेळच नव्हता. मी सरकारी मोजणीदार. लोकांना त्यांच्या शेताच्या हद्दी दाखवतो. क्लबात मी कडेला उभा राहून बघणारा, आणि तरुणपणी झेंडेवाला.

हे झेंडेवाल्याचं जरा समजावून सांगतो. आमच्या लीगमध्ये पंच एकच मिळतो. ऑफसाईडसाठी कडेला झेंडा घेऊन उभं राहायला दोन्ही क्लबांनी आपापला एकेक माणूस द्यायचा. मग तो आपल्याच संघाची बाजू घेईल, त्यावर जुन्या लोकांनी तोड काढलेली: आपला संघ ज्या गोलावर चढाई करतो, त्याच अर्ध्यात त्यानं उभं राहायचं. म्हणजे झेंडा उचलला तर आपल्याच माणसाविरुद्ध उचलावा लागतो. मध्यंतरात संघ बाजू बदलतात, तशी झेंडेवाल्यांनीही बदलायची. कुठल्या पुस्तकात हा नियम नसेल. पण आमच्याकडे तो पाळतात.

सव्वीस वर्षांपूर्वी सिझनचा शेवटचा सामना शेवगावला होता. आम्हाला बरोबरी पुरेशी होती. ते जिंकले असते तर विजेते होते. पहिल्या अर्ध्यात मी पूर्वेच्या बाजूला, एका कडुलिंबाखाली. मध्यंतर झालं आणि मला पश्चिमेला जायचं होतं. समोरच्या कडेला शेवगावचा झेंडेवाला होता, एसटीतला एक वयस्कर कंडक्टर. त्यानं लांबूनच हातानं विचारलं, बदलायचं का? मी हात हलवला, राहू द्या. ऊन मी म्हणत होतं, त्याला बरंच वाटलं. लोकांना वाटलं मी सावली सोडत नाही. मीही स्वतःला तेच सांगितलं. पण ते सावलीसाठी नव्हतं. आता शेवगाव आमच्या गोलावर येणार होतं, आणि तिथं झेंडा माझ्या हातात राहणार होता.

सामना बरोबरीत संपत आला असताना त्यांचा सुभाष साळवे सुटला. वीस वर्षांचा, काटक, पळताना मान खाली घालणारा. पास निघाला तेव्हा तो आमच्या शेवटच्या माणसाच्या चांगला दोन पावलं अलीकडे होता, म्हणजे ऑफसाईड नव्हताच. मी बरोबर रेषेत उभा होतो. माझा धंदाच रेषा बघण्याचा. मला स्वच्छ दिसलं. त्यानं गोल केला, आणि तो वळला तेव्हा माझा झेंडा वर होता.

तो पंचाकडे गेला नाही. माझ्याकडे आला. माझी कॉलर धरून म्हणाला, "तुमी पाह्यलं ना? बोला की." मी बोललो नाही. त्यानं ढकललं, मी लिंबाच्या मुळावर हातावर पडलो.

लीगच्या त्या वेळच्या समितीपुढे मी चार ओळी लिहून दिल्या. खेळाडूनं कॉलर धरली. ढकललं. पडलो. हात मोडला. चारही ओळी खऱ्या. मी कुठल्या बाजूला उभा होतो हे कुणी विचारलं नाही. समितीतले एक गृहस्थ म्हणाले, "त्या वस्तीतली पोरं. हात लवकर उठतो त्यांचा." मी चहा पीत होतो. पीत राहिलो. सुभाषवर तीन वर्षांची बंदी आली. पोलीस भरतीत खेळाडूंसाठी जागा असायच्या आणि जिल्ह्याच्या संघात त्याचं नाव नक्की होतं. बंदी उठेपर्यंत ती वेळ निघून गेली.

त्यानंतर मी झेंडा हातात घेतला नाही आणि शेवगावला गेलो नाही. एकदा बदलीच तिथं झाली होती. याच हाताचा दाखला लावून मी ती टाळली.

यंदा फाल्गुनात पीटरमामा घरी आले. पीटरमामा म्हणजे क्लबाचे जुने गोलकीपर, आणि आता सेक्रेटरी, कोच, कपडे धुणारे, सगळं तेच. सत्तरी गाठलीय. मला ते देवा म्हणतात. खुर्चीवर न बसता म्हणाले, "देवा, हा शेवटचा सिझन. पोरं पुण्याला गेली. जी हायेत ती भाड्याच्या जाळीत, त्या टर्फवर खेळत्यात. तीन सामने राहिलेत, तिन्ही बाहेर. तू चल. कडेला आपलं एक तरी माणूस दिसू दे."

"शेवटचा कुठं आहे?"

"शेवगाव."

मी हो म्हणालो. तेव्हाच ठरवलं की सुभाषला गाठून सांगायचं.

हिवरे बाजार

पहिला सामना पारनेरकडच्या एका गावात होता. टेम्पोत आम्ही चौदा जण. त्यातले दोन खेळाडू उसने, एक तर सामना संपल्यावर लग्नाला जायचं म्हणून कोट घेऊन आलेला. मैदान म्हणजे शाळेमागचं माळरान, मध्ये एक खडक वर आलेला. दोन्ही संघ त्या खडकाला तिसरा संघ म्हणत होते. आम्ही एकाला दोन गोलांनी हरलो. दुसरा गोल खडकाला लागूनच आत गेला.

झेंडा कोण धरणार म्हणून मामांनी माझ्याकडे पाहिलं होतं. मी हात पुढे करून दाखवला. त्यांनी कोटवाल्याला उभं केलं.

परतताना टेम्पोचं पाणी उकळलं. ड्रायव्हर म्हणाला तास लागेल. रस्ता हिवरे बाजारच्या जवळून जातो, तेव्हा मी आणि मामा चालत गावात गेलो. आमच्या बाजूला चैत्रात डोंगर भाजलेल्या भाकरीसारखे दिसतात. इथल्या डोंगरावर झाडं उभी होती आणि विहिरीत पाणी दिसत होतं. गल्ल्या झाडलेल्या. मला अशा गावात उगीच अवघडल्यासारखं होतं, चपला काढून चालावं की काय असं वाटतं.

एका गोठ्यासमोर एक म्हातारे गाईला कडबा घालत होते. त्यांनी न विचारता दोन पेले दूध आणलं.

"कुठलं म्हणायचं?"

"भिंगार. फुटबॉलचा संघ आहे आमचा."

त्यांनी आम्हा दोघांच्या वयाकडे आणि मामांच्या पोटाकडे पाहिलं. "खेळून आलाव?"

"हरून आलो," मामा म्हणाले.

"मंग दूध प्या."

बोलणं पाण्यावर गेलं. इथं पाणी किती आहे आणि कुठलं पीक घ्यायचं, हे ग्रामसभेत सगळ्यांसमोर ठरतं, ते सर्वांना माहीत आहे. मामांनी विचारलं, "पण बाबा, एखाद्यानं गुपचूप जास्त उपसलं, आणि मागनं त्याला वाईट वाटलं, तर?"

म्हातारे हसले. "गावाचं मला काय इचारता. माझं सांगतो. माझ्याकडं कुणी घरी येऊन म्हनलं, बाबा माझं चुकलं, तर मी त्याला च्या पाजतो. पर ते धरत न्हाई. चुकला चारचौघांत आन सांगितलं गोठ्यात, त्याला काय अर्थ हाय? त्यानं त्याचंच हलकं हुतं."

दूध चांगलं होतं, दाट होतं. मी अर्धा पेला तसाच खाली ठेवला.

नेवासे

पुढच्या रविवारी नेवासे. घोडेगावच्या अलीकडे कांद्याच्या टेम्पोंची रांग लागलेली, तिच्यात अर्धा तास गेला. त्याआधी पांढरीच्या पुलावर थांबून भेळ खाल्ली. आमच्या गोलकीपरनं वरून मिरच्या खाल्ल्या आणि नंतर सामनाभर त्याचं लक्ष पोटाकडे होतं. चार गोल बसले. चौथ्याला तो हललाही नाही.

मैदानाबाहेरून एक जण ओरडला, "ओ कॅम्पवाले, तोफा कुठं ठिवल्या?"

मामा न वळता म्हणाले, "मोडीत काढल्या."

लोक हसले. मामाही हसले. पण मी त्यांच्या शेजारी होतो. त्यांच्या मांडीवर जाळीची सुतळी होती आणि ती ते एकसारखी गुंडाळत, सोडत होते.

हरणाऱ्या संघाचे शेवटचे आठवडे कसे असतात हे ज्यानं पाहिलं नाही त्याला सांगणं अवघड आहे. आजाऱ्याच्या उशाशी बसावं तसं ते नसतं, कारण आजाऱ्याबद्दल आशा ठेवायची मुभा असते. इथं सगळ्यांना निकाल माहीत असतो. तरी पोरं बुटाच्या नाड्या दोनदा घट्ट करतात. आमचा कप्तान इम्रान मेकॅनिक आहे. चार गोल खाल्ल्यावरही तो थ्रो-इनसाठी दोन बोटं जागा चोरली म्हणून पंचाशी भांडत होता. मला वाटलं, आम्ही जेव्हा जिंकायच्या जवळ होतो तेव्हा माझ्यासारख्याला चोरी करावीशी वाटली. आता हरायचं नक्की आहे, तर हा दोन बोटांसाठी भांडतोय.

नेवाशाची चाल अशी की जिंकलेल्या यजमानांनी पाहुण्यांना जेवू घालायचं. आमच्याकडे चहा आणि क्रीमरोलवर भागवतात, मला लाज वाटली. त्यांच्या कप्तानाच्या घरी ओसरीवर पंगत बसली. हुलग्याची शेंगोळी, बाजरीची भाकरी, कांदा. भर दुपारी गरम शेंगोळी खाताना घाम नाकावरून ताटात पडत होता. कप्तानाची आई वाढत होती. माझा हात भाकरी मोडताना अडखळला ते तिनं पाहिलं.

"हाताला काय झालं वं दादा?"

"फुटबॉलमध्ये मोडला. जुनं आहे."

"आगं बाई," म्हणून तिनं माझ्या ताटात तुपाची धार सोडली. दुसऱ्या कुणाला तूप मिळालं नाही.

ते तूप मी खाल्लं. सव्वीस वर्षं असंच खात आलोय.

शेवगाव

शेवगावचा रस्ता आमच्या दारातूनच निघतो म्हटलं तरी चालेल. चांदबिबीचा महाल डावीकडे ठेवायचा, करंजीचा घाट उतरायचा, तिसगाव, अमरापूर. घाट उतरलं की मुलूख बदलतो. माती काळी होते, झाडं कमी होतात, बोलणं थोडं मराठवाड्याकडे झुकतं. कपाशी कधीच निघून गेलेली. बांधांवर पऱ्हाट्यांचे ढीग, तारांना अडकलेली कापसाची पुंजकी. मला हे सगळं ओळखीचं वाटलं आणि मग आठवलं की मी ते फक्त एकदा, परतताना, हात गळ्यात बांधून पाहिलंय.

टेम्पोत मामा पुढं ड्रायव्हरशेजारी, मी मागं पोरांत. इम्राननं विचारलं, "काका, तुम्ही म्हणे हितंच पडला होता."

"हो."

"मारलं होतं ना कुणीतरी?"

"ढकललं होतं."

"मग आज बघू त्याला," कोटवाला म्हणाला. आज कोट नव्हता.

मी म्हणालो, "त्याचा काही दोष नव्हता." कुणी ऐकलं नाही, टेम्पो खड्ड्यात गेला होता. मी परत म्हणालो नाही.

मैदान मार्केट यार्डाच्या मागं. कडुलिंब तसाच, बुंधा जाड झालेला, भोवती पार बांधलेला. एक माणूस बादलीतली फक्की घेऊन मैदान आखत होता. दोरी लावून, वाकून, चुन्याची सरळ पांढरी रेघ सोडत. मी त्याची रेघ बघत राहिलो. मोजणीतला माणूस म्हणून सांगतो, हलला नाही हात. टोकाला येऊन तो ताठ झाला आणि मान खाली घालून आमच्याकडे यायला लागला. तेव्हा ओळखलं.

"जय भीम, मामा."

"जय भीम, सुभाष. अजून तूच आखतो व्हय?"

"दुसरं कोन आखनार. दिवसभर जिनिंगात, रविवारी हितं." मग माझ्याकडे पाहिलं. केस पिकलेत, डोळ्याखाली काळं. आधी चेहरा पाहिला नाही त्यानं. मनगट पाहिलं.

"हात कसा हाय सायेब?"

"बरा आहे."

"वाकडाच ऱ्हायला की." त्यानं फक्कीचा हात पँटला पुसला. "म्या लई येळा ठरवलं नगरला येऊन भेटायचं. तोंड झालं न्हाई. तुमास्नी दिसलं नसंल त्या दिशी, मानसाची नजर हाय. म्या हात टाकाया नको हुता. माफ करा."

मी हे वाक्य सव्वीस वर्षं तयार करत होतो आणि ते त्यानं म्हटलं.

मी म्हणालो, "असू दे."

'असू दे' म्हणालो मी. त्याला माफ केलं. मामा शेजारी उभे होते, ते लिंबाकडे बघत होते.

मग झेंड्याचा प्रश्न आला. आमच्याकडे त्या दिवशी बरोबर अकरा खेळाडू होते, कोटवाला धरून. मामांचे गुडघे गेलेले. मी हात दाखवायच्या आत सुभाषनं मला एक झेंडा दिला. "धरा की सायेब. तिकडला मी धरतो. आपन दोघं जुनी मानसं."

खेळ सुरू झाला. पहिल्या अर्ध्यात शेवगावचा एक पोरगा गोलपाशी मोकळा सुटला आणि त्यानं बॉल जाळीत घातला. गावानं आरडाओरडा केला. सुभाषचा झेंडा वर होता. स्वतःच्याच संघाविरुद्ध.

"सुब्या, भाकरी कुनाची खातो रं?" पारावरून कुणी ओरडलं.

"जिनवाल्याची," सुभाष म्हणाला. "पर डोळं माझं हायेत."

मैदानाच्या दुसऱ्या टोकाला मी उभा होतो. झेंड्याची काठी घामानं ओली झालेली.

मध्यंतराला दोन गोल झाले होते आमच्यावर. संघ पाणी प्यायले आणि बाजू बदलायला निघाले. सुभाष पलीकडच्या कडेवर होता. त्यानं हात वर करून विचारलं, बदलायचं ना? अगदी त्या कंडक्टरसारखंच. ह्या वेळी आम्ही दोघांनीही मैदान तिरपं ओलांडलं आणि मध्यरेषेवर समोरासमोर आलो. त्याचीच आखलेली रेघ पायाखाली होती.

मी म्हणालो, "सुभाष, त्या दिवशी मी बाजू बदलली नव्हती."

"व्हय, ऊन लई हुतं."

"उन्हासाठी नाही. मुद्दाम थांबलो. आणि तुझा गोल होता. मला दिसलं होतं."

तो हलला नाही. पंचानं शिटी वाजवली, "ओ झेंडेवाले, लग्न लागलं का तिथं?" सुभाष माझ्या शेजारून निघून गेला.

दुसरा अर्धा मला आठवत नाही. बॉल दोनदा बाहेर गेला आणि मी झेंडा उचलला नाही, पंच माझ्यावर खेकसला. पलीकडे सुभाष रेषेबरोबर पुढं मागं जात होता, जसा जायला पाहिजे तसा. एकदाही त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. आम्ही तीन शून्यानं हरलो. शेवटची शिटी झाली तेव्हा इम्रान गवतावर बसला आणि बुटाच्या नाड्या सोडायच्या ऐवजी परत बांधू लागला.

सुभाष बादली घेऊन माझ्याकडे आला.

"मला कशापायी सांगितलं सायेब?"

"तुला माहीत असावं म्हणून."

"गोल हुता ते मला ठावं हाय. म्याच मारला. तुमी पाह्यलं हुतं, ते ठावं नव्हतं." आवाज चढला नाही त्याचा. "आत्ता मघाशी म्या तुमची माफी मागितली. तुमी म्हनलाव, असू दे."

मी झेंडा काठीला गुंडाळू लागलो.

"माझा बाप मरस्तवर म्हनायचा, पोरगं माजलं, हात उचलला, वर्दी घालवली. म्या बी म्हनलो, व्हय, माझंच चुकलं. गावाला बी तेच ठावं हाय. ही पारावरची समदी मानसं." त्यानं हनुवटीनं पार दाखवला. "त्यास्नी सांगा. मला न्हाई."

"सांगतो," मी म्हणालो.

"कवा?"

तेवढ्यात आम्हाला हाका आल्या. शेवगावची रीत अशी की सिझनचा शेवटचा सामना झाला की पारावर चहा होतो आणि पाहुण्यांच्या वडीलधाऱ्यानं दोन शब्द बोलायचे. कॅम्पचा हा कायमचाच शेवट आहे हे त्यांना कळलं होतं, म्हणून नारळही आणला होता. शंभरेक माणसं असतील. म्हातारी, पोरं, यार्डातले हमाल, काही बायाही थांबलेल्या. मामा उठले, नारळ घेतला, तोंड उघडलं आणि त्यांना बोलता येईना. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "देवा बोलंल."

मी उभा राहिलो. हे मी मागितलं नव्हतं. तीच माणसं, तोच पार, तोच लिंब. सुभाष समोर होता, गोलाची जाळी सोडवत. त्यानं हात थांबवले आणि माझ्याकडे पाहिलं. त्या अख्ख्या दिवसात त्यानं माझ्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं ते तेवढंच एकदा.

मी म्हणालो, शेवगावकरांचे आभार. मैदान उत्तम आखलं होतं. पूर्वीचे दिवस आठवतात. खेळात हारजीत चालायचीच. चहा छान होता.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. सुभाष परत जाळीकडे वळला आणि एकेक गाठ सोडू लागला. माझं 'मैदान उत्तम आखलं होतं' त्यानं ऐकलं असणार.

परत

करंजीचा घाट चढताना टेम्पो पहिल्या गिअरमध्ये गुरगुरत होता. आता मामा माझ्या शेजारी मागं बसले होते, नारळ मांडीवर. पोरं मोबाईलमध्ये.

मामा म्हणाले, "मधल्या रेघेवर काय सांगितलंस त्याला?"

मी सांगितलं. सगळं सांगितलं, कॉलर, लिंब, हात हलवून 'राहू द्या' म्हटलेलं.

ते नारळाची शेंडी सोलू लागले. "गोलात मी हुतो देवा. मला काय दिसलं नसंल?"

"मग बोलला का नाहीत?"

"क्लबासाठी. तू उचलला, मी गप बसलो." मग म्हणाले, "आता क्लबच ऱ्हायला न्हाई."

मला वाटलं ते आता 'जाऊ दे' म्हणतील. माझी तयारी होती ते ऐकायची, खरं तर मी वाट पाहत होतो. पण ते म्हणाले, "मघाशी शंभर माणसं हुती. तुला माईक लागत हुता का?"



आता हे लिहून झालंय. बायकोनं वाचलंय. वाचून तिनं माझा हात हातात घेतला नाही, चष्मा काढून ठेवला आणि विचारलं, "मग परत कधी जाणार?" हे कुठं छापून आलं तरी शेवगावच्या पारावर ते कुणी वाचेल असं नाही, आणि वाचलं तरी हिवऱ्याचे म्हातारे म्हणाले तसं, ते धरू नये. हे गोठ्यात सांगितल्यासारखंच आहे.

माझ्याकडून दोन गोष्टी राहिल्यात. माझ्या जुन्या जबाबात मी चुकीच्या बाजूला उभा होतो हे लपवलं होतं, तसं लीगला सहीनिशी लिहून द्यायचं. आणि पुढच्या सिझनला शेवगावचा पहिला घरचा सामना असेल त्या दिवशी, चहाच्या वेळी, न बोलावता त्या पारावर उभं राहून म्हणायचं की सुभाष साळवेचा गोल होता, मी तो पाहिला होता, आणि तरी झेंडा उचलला. यातलं एकही मी अजून केलेलं नाही.